मित्रांसोबत वाढदिवस मसाई मारात: केक कुठे कापायचा आणि गप्प कुठे बसायचं?

चाळिशीचा किंवा पन्नाशीचा वाढदिवस हॉल बुक करून न करता चार मित्र घेऊन परदेशात करायचा, यात आता नवल राहिलेलं नाही. दुबई, थायलंड, बाली करून झालं की ग्रुपवर हमखास एक नाव येतं, ते म्हणजे केनियाचं मसाई मारा. उघड्या छताची गाडी, मागे पिवळं गवत, समोर सिंह आणि हातात केक. असा फोटो कुणीतरी टाकतो आणि खाली 'पुढच्या वर्षी नक्की' अशा कमेंट पडायला लागतात.

मारात वाढदिवस करता येतो आणि तो आयुष्यभर लक्षात राहतो, हे खरं आहे. पण मारा हे रिसॉर्ट नाही. तिथे कधी जायचं, किती खर्च येतो, कोणती लस लागते हे तर आधी माहीत हवंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जल्लोष कुठे करायचा आणि कुठे नाही, हे कळायला हवं. चुकीच्या जागी केलेल्या गोंगाटाची आणि गर्दीची किंमत तिथले प्राणी मोजतात, आणि ती किती मोठी असते हे संशोधकांनी मोजून दाखवलं आहे.

मसाई मारा नेमकं आहे तरी काय?

मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह केनियाच्या नैऋत्येला, टांझानियाच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ साधारण १,५१० चौरस किलोमीटर. सीमेपलीकडे सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आहे, ते जवळपास दहापट मोठं. मधे कुंपण नाही. त्यामुळे प्राण्यांच्या दृष्टीने हा सगळा एकच गवताळ प्रदेश आहे. 'मारा' या शब्दाचा मसाई भाषेतला अर्थ 'ठिपकेदार'. उंचावरून पाहिलं की गवतावर झाडांचे आणि ढगांच्या सावल्यांचे ठिपके दिसतात, म्हणून हे नाव.

हे रिझर्व्ह नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. मारा नदीच्या पश्चिमेकडचा भाग 'मारा ट्रँगल' म्हणून ओळखला जातो. २००१ पासून त्याचं व्यवस्थापन मारा कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था करते. रिझर्व्हच्या बाहेर मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. त्यातल्या अनेक जमिनी भाड्याने घेऊन खासगी संरक्षित क्षेत्रं तयार झाली आहेत. वाढदिवसाच्या प्लॅनसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, तो पुढे येईलच.

वाढदिवस कोणत्या महिन्यात आहे?

पहिला घोळ इथेच होतो. वाढदिवस फेब्रुवारीत असतो आणि ग्रुपला पाहायचं असतं ते हजारो वाइल्डबीस्ट मगरींनी भरलेल्या नदीत उड्या टाकतानाचं दृश्य.

हे स्थलांतर म्हणजे पावसामागे आणि ताज्या गवतामागे वर्षभर फिरणारं चक्र. त्यात तेरा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे, गॅझेल असतात. ढोबळ वेळापत्रक असं:

जानेवारी ते मार्च: कळप टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला. याच काळात काही आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात.

एप्रिल, मे: मोठ्या पावसाचे दिवस. कळप उत्तरेकडे सरकू लागतात. मारातली जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी, चिकट. पावसात गाड्या रुततात आणि काही कॅम्प बंद असतात. पण दर सगळ्यात कमी.

जुलै ते ऑक्टोबर: कळप मारात. नदी ओलांडण्याचं दृश्य याच महिन्यांत दिसतं.

नोव्हेंबर, डिसेंबर: छोटा पाऊस, कळप पुन्हा दक्षिणेकडे.

पाऊस लवकर-उशिरा झाला की हे वेळापत्रक पुढे-मागे होतं. कळप नदीकाठी येऊन तासन्‌तास उभा राहतो आणि न उतरताच मागे फिरतो, असंही होतं. त्यामुळे 'वाढदिवसाच्या दिवशीच क्रॉसिंग दाखवतो' असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर सावध राहा.

मात्र वाढदिवस इतर महिन्यांत असेल तर हिरमुसायचं कारण नाही. सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडे, तरस, चित्ते मारात बारा महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तुलनेने कोरडी हवा, कमी गाड्या आणि निम्मं प्रवेशशुल्क मिळतं. आणि कळपच पाहायचे असतील तर फेब्रुवारीचा वाढदिवस टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीत करता येतो.

पावसाळ्यातल्या वाढदिवसवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडे ताडोबाचा कोअर भाग बंद असतो. नेमका तोच माराचा भर हंगाम.

खर्च कुठे वाढतो?

सफारीच्या जाहिरातीत विमान आणि हॉटेल ठळक दिसतं. ग्रुपचं बजेट कोलमडतं ते प्रवेशशुल्कामुळे. जुलै २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकासाठी माराचं शुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर असं झालं. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे १२ तास चालतं.

सहा मित्र तीन दिवस गेले असं धरू. ऑगस्टमध्ये फक्त प्रवेशशुल्क ३,६०० डॉलर. फेब्रुवारीत १,८०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी हा फरक एक लाख ५३ हजारांचा, म्हणजे माणशी साडेपंचवीस हजार रुपयांचा होतो. त्यामुळे पॅकेज घेताना तीन गोष्टी लेखी विचारा: प्रवेशशुल्क धरलं आहे का, किती दिवसांचं धरलं आहे, आणि निघायच्या दिवसाचं वेगळं लागणार आहे का.

नैरोबीहून माराला रस्त्याने पाच-सहा तास लागतात. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने तास-पाऊण तासात पोहोचता येतं, पण तिथे माणशी साधारण १५ किलोच सामान नेता येतं आणि तेही मऊ बॅगेत. चाकांच्या कडक सुटकेसमध्ये सजावटीचं सामान भरून नेण्याचा बेत इथेच फसतो. पहाटेची हॉट एअर बलूनची फेरी ही अनेकांची वाढदिवसाची खास भेट असते. तिला माणशी साधारण ४५० ते ५०० डॉलर लागतात.

लस आणि कागदपत्रं

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तासांवर. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून 'ईटीए' म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी सुरू केली. ती सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात.

खरी अडचण लशीची. केनिया हा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा धोका असलेला देश मानला जातो. तिथून भारतात परतताना लसीकरणाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि ते आयुष्यभर चालतं. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर ढकलून चालत नाही.

एकसष्टी किंवा साठीच्या निमित्ताने जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. साठ वर्षांवरच्या व्यक्तींना आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ही लस डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असते. तेव्हा तिकीट काढण्याआधी डॉक्टर. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या. प्रवास विमा काढताना त्यात हवाई रुग्णवाहिका येते का ते पाहा, कारण मोठं रुग्णालय नैरोबीत आहे.

ग्रुप किती जणांचा असावा?

सफारीची गाडी लँड क्रूझर असो की व्हॅन, ती सहा-सात जणांची असते आणि तिचं छत वर उचलता येतं. ग्रुप सहा जणांचा असेल तर बहुतेक गाड्यांत प्रत्येकाला खिडकी मिळते आणि गाडी फक्त तुमची राहते. सातवा-आठवा मित्र वाढला की एकतर कुणीतरी मधे अडकतो किंवा दुसरी गाडी घ्यावी लागते आणि खर्च उडी मारतो.

गाडीत कुरबुरी होतात त्या वेगळ्याच कारणांनी. एकाला एकाच सिंहिणीपाशी दोन तास थांबायचं असतं, दुसऱ्याला सगळे प्राणी 'करून' टाकायचे असतात, तिसरा पक्षी दिसला की गाडी थांबवतो. यावर सोपा उपाय आहे. एक दिवस एकाच्या आवडीचा असं आधीच ठरवायचं आणि वाढदिवसाच्या दिवशी निर्णय वाढदिवसवाल्याचा.

गाइडलाही पहिल्याच दिवशी सांगा की तुम्हाला धावपळ नको. पर्यटक खूश झाले तर टिप चांगली मिळते, हे त्याला माहीत असतं. 'अजून जवळ घ्या' असा आग्रह झाला की नियम मोडायचा दबाव त्याच्यावरच येतो आणि दंडही त्यालाच बसतो. केनियात सफारी गाइडांच्या संघटनेची परीक्षा असते. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तिच्या तीन पायऱ्या. बुकिंग करताना गाइडने कोणती पायरी पार केली आहे, हे विचारायला हरकत नाही.

केक कुठे आणि कधी?

उत्तर सोपं आहे: कॅम्पवर, रात्रीच्या जेवणाला.

कॅम्पच्या स्वयंपाकघरात केक बनवून मिळतो. बुकिंगच्या वेळी तारीख आणि 'बिनअंड्याचा' हे लेखी कळवा आणि आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. शाकाहारी किंवा जैन जेवणाचं नाव ऐकून तिथले आचारी सहसा गोंधळत नाहीत. केनियात भारतीय वंशाच्या लोकांच्या अनेक पिढ्या गेल्या आहेत आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारने आशियाई वंशाच्या लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली.

जेवण संपत आलं की दिवे मंद होतात आणि कॅम्पचे कर्मचारी केक घेऊन गात-नाचत येतात. गाणं बहुतेकदा 'जांबो ब्वाना' असतं. देम मश्रूम्स या केनियन बँडने १९८०च्या दशकात लोकप्रिय केलेलं हे गाणं आज तिथल्या पाहुणचाराची ओळखच झालं आहे. काही ठिकाणी मसाई तरुण उंच उड्यांचा 'अडुमु' नाच करतात आणि पाहुण्यांनाही ओढतात. स्वाहिलीत वाढदिवसाच्या शुभेच्छा म्हणजे 'हेरी या सिकू या कुझालिवा'. जीभ अडखळली तरी घाबरू नका, ओळखीचे शब्द भरपूर सापडतील. स्वाहिलीतही गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात.

रात्री बाराला केक कापायचा हट्ट मात्र सोडा. भारताची वेळ केनियाच्या अडीच तास पुढे आहे. भारतात बारा वाजतात तेव्हा मारात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे घरून येणारे फोन नेमके जेवणाच्या वेळी येतात आणि केकही तेव्हाच कापला की दोन्ही जमतं. पहाटे पाचला उठून सहाला गेटवर असायचं असतं, ते वेगळंच. शिवाय बऱ्याच कॅम्पला कुंपण नसतं. रात्री पाणघोडे चरायला तंबूंपर्यंत येतात. अंधार पडल्यावर जेवणाच्या जागेतून तंबूकडे एकट्याने जायचं नाही, सोबत 'अस्करी' म्हणजे राखणदार घ्यायचा, हा नियम सगळ्यांना सारखा.

सजावटीचं काय? २८ ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड व तुरुंगवास दोन्हीची तरतूद आहे. ५ जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकलाही बंदी आहे. बाटल्या, पेले, ताटल्या, स्ट्रॉ सगळं त्यात आलं. फुगे, चमकी, स्नो स्प्रे घरीच ठेवा. वाऱ्याने उडालेला फुगा कुणाच्या पोटात जाईल, हे आपल्या हातात नसतं. ड्रोनही परवानगीशिवाय चालत नाही.

गाडीत गप्प का बसायचं?

'शांत बसा, प्राणी बिथरतात' हे वाक्य आपण प्रत्येक जंगलात ऐकतो आणि ते शिष्टाचारासारखं वाटतं. मारातल्या चित्त्यांच्या बाबतीत तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

चित्ता मुख्यतः दिवसा शिकार करतो, म्हणजे पर्यटक बाहेर असतात त्याच वेळी. त्याची सगळी ताकद काही सेकंदांच्या धावेत असते. लपत जवळ जाता आलं नाही तर धाव वाया जाते. शिकार झाली तरी तो ती फार काळ राखू शकत नाही, सिंह आणि तरस हिसकावून नेतात. आता अशा मादीभोवती पंधरा-वीस गाड्या उभ्या राहिल्या तर काय होईल? सावज सावध होतं आणि गर्दीत पिल्लांची आईपासून ताटातूट होऊ शकते.

संशोधक फेमके ब्रुकहाउस यांनी मारातल्या चित्त्यांच्या माद्यांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची वर्दळ कमी होती, तिथे एका मादीने एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत वाढवली. जिथे वर्दळ खूप होती, तिथे हा आकडा ०.२ होता. म्हणजे दहा वेतांमागे एकीकडे २३ पिल्लं जगली, तर दुसरीकडे जेमतेम दोन. गाड्यांनी पिल्लं थेट मारली, असा पुरावा नव्हता. बदललेलं वागणं, ताण आणि हुकलेल्या शिकारी ही कारणं असावीत, असं अभ्यासात मांडलं आहे.

माराचे नियम या पार्श्वभूमीवर वाचले की पटतात. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या. सिंह, बिबट्या किंवा चित्त्यापाशी बाकीच्या गाड्या वाट पाहत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची. प्राण्यापासून किमान २५ मीटर अंतर ठेवायचं. गाडीतून उतरायचं नाही, गोंगाट करायचा नाही. सिंहासमोर केक कापण्याचा आणि टाळ्या वाजवून गाणं म्हणण्याचा रील यातल्या किमान एका नियमाला धरूनच बाद होतो.

नियम कागदावर असले तरी भर हंगामात ते सर्रास मोडले जातात, हेही खरं. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून नदीकाठी उभे राहिल्याचे आणि वाइल्डबीस्टची वाट अडल्याचे व्हिडिओ जगभर फिरले. कळपाला पलीकडच्या काठावर चढायला जागा दिसली नाही तर तो मागे फिरतो किंवा कड्यासारख्या उंच जागेवरून उड्या टाकतो. पिल्लं चेंगरतात ती अशाच वेळी.

हे फक्त आफ्रिकेतच होतं, असंही नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. त्या गाड्यांमध्येही कुणी प्राण्यांचं वाईट चिंतायला गेलेलं नव्हतं. सगळे वर्षाचा शेवट साजरा करायलाच आले होते.

मग मोकळेपणाने साजरं करायचं असेल तर?

त्यासाठीच आधी सांगितलेली खासगी संरक्षित क्षेत्रं आहेत. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यातली काही नावं. इथे जमीन मसाई कुटुंबांची असते आणि त्यांना दरमहा भाडं मिळतं. किती एकरांमागे किती खाटा, यावर मर्यादा असल्याने गाड्या मोजक्याच असतात. रिझर्व्हमध्ये बंदी असलेली रात्रीची सफारी आणि पायी फेरी इथे गाइडसोबत करता येते. गाइडने निवडलेल्या मोकळ्या जागी उतरून सूर्यास्त पाहत चहा-भजी किंवा पेय घेता येतं, झाडाखाली टेबल मांडून जेवताही येतं. वाढदिवसाचा ग्रुप फोटो काढायला याहून चांगली जागा नाही. दर जास्त असतात, पण त्यातला वाटा जमीनमालकांना मिळतो आणि ती जमीन कुंपणं-शेतीखाली न जाता प्राण्यांसाठी मोकळी राहते. दोन रात्री इथे आणि एक दिवस रिझर्व्हमध्ये, असा मधला मार्ग अनेक ग्रुप काढतात.

निघण्याआधी ग्रुपवर टाकायची यादी

१. महिना ठरवताना आधी काय पाहायचं ते ठरवा. कळपच हवे असतील तर जुलै ते ऑक्टोबर, आणि वाढदिवस महिनाभर पुढे-मागे साजरा झाला तर बिघडत नाही.
२. सहा जण, एक गाडी.
३. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान महिनाभर आधी, साठीवरच्यांनी डॉक्टरांना विचारून.
४. ईटीए सरकारी संकेतस्थळावरूनच.
५. प्रवेशशुल्क पॅकेजमध्ये आहे का, ते लेखी.
६. केक कॅम्पला आधी कळवून. फुगे, चमकी, प्लास्टिक नाही.
७. गरम कपडे. मारा विषुववृत्ताजवळ असलं तरी दीड हजार मीटरहून उंच आहे, पहाटे उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते.
८. गाडीत फोन सायलेंट. समोर पाच गाड्या असतील तर सहावी आपली नको.

शेवटचा मुद्दा ग्रुपमधल्या कुणाला खटकेल. एवढे पैसे भरून आलो आणि चित्ता न पाहताच पुढे जायचं? पण तुमची गाडी पुढे गेली म्हणून एखाद्या मादीची शिकार साधली, तर त्या दिवशी तिची पिल्लं उपाशी राहत नाहीत. रात्री कॅम्पवर केक कापताना वाढदिवसवाल्याला सांगायला ही गोष्टही पुरेशी चांगली आहे.